वरून ओतलेलं पाणी

गाडी ओढ्यापाशी आली आणि भावकू आडवा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि बोलणं असं की जणू सरकारने आंबेहट्टी त्याच्याच ताब्यात दिली आहे. गावात त्याला कुणी काही नेमलेलं नव्हतं. पण कुठं काही अडवायचं असलं की भावकू तिथं हजर असायचा.

"खाली उतरू नका. आदी सांगा, किती जणं?"

"तिघं," गाडीतून कल्लाप्पा म्हणाला. "मी, ही माझी बायको सत्यवती, आणि ही आमची अव्वा."

अव्वा म्हणजे कल्लाप्पाची आई सोनाबाई. ती सुताच्या गाठोड्यांवर टेकून बसली होती आणि मांडीवरचा कांड्या भरायचा चरखा तिने गचका बसू नये म्हणून शहापुरापासून दोन्ही हातांनी धरला होता. भावकूने तिच्याकडे असं टक लावून पाहिलं की सत्यवतीने तिच्या डोक्यावरचा पदर उगाचच पुढे ओढला.

शहापुरात गाठीच्या रोगाने तिसऱ्यांदा डोकं वर काढलं होतं. विणकर आळीत आधी उंदीर पडले, मग माणसं पडली, मग आत ऊन यावं म्हणून सरकारी माणसांनी येऊन घराघरांची कौलं उतरवली. वर आभाळ आणि खाली माग, असं विणकाम होत नाही. तेवढ्यात नागोजीचा निरोप आला. नागोजी आंबेहट्टीचा जुना गिऱ्हाईक. त्याच्या मुलीचं, जयाबाईचं लग्न माघात होतं आणि बेळगावचा बाजार बंद पडलेला. माळावर माझं खोपट रिकामं आहे, येऊन राहा, लग्नाची दोन लुगडी विणून द्या, साथ सरली की जा, असं त्याने कळवलं होतं. दुसरं जायला ठिकाण नव्हतं. माग मोडून गाडीत घातला आणि पहाटेच निघाले.

नागोजी मागून धापा टाकत आला. आपणच बोलावलेल्या पाहुण्यांना गावाने वेशीबाहेर उभं केलंय, याची त्याला लाज वाटत होती, पण गावापुढे त्याचंही काही चालत नव्हतं.

"असं हाय कल्लाप्पा," तो म्हणाला, "धा दिस तुमी ओढ्याच्या ह्या अंगाला ऱ्हायाचं. पल्याड पाय टाकायचा न्हाय. हिरीला हात लावायचा न्हाय. पाणी आमची आक्का वतंल तुमच्या घागरीत."

"आन् धा दिसात कोण आजारी पडलं, तर गाडी उलटी," भावकूने पुरवणी जोडली. "त्याच पावली."

सत्यवतीचा स्वभाव मुळात संशयी. आळीतल्या बायका तिला चिडवायच्या, सत्यवती दुधात माशी पडायच्या आधीच गाळणं शोधते. तिला वाटलं, धा दिसांचं निमित्त आहे. लुगडी होईपर्यंत ठेवून घेतील आणि नंतर काहीतरी खोट काढून हाकलतील. तिने ते मनाच्या गाठीला बांधून ठेवलं.

खोपट बरं होतं. भिंती मातीच्या, वर उसाचा पाला, पुढे हातभर ओटा. पण शहापुरात मागच्या दारी आड होता, न्हाणीला आडोसा होता, परसात चार भिंतींची खोली होती, आळीच्या तोंडाला रात्री दिवा लागत होता. इथं पाणी ओढ्यापलीकडच्या विहिरीचं, न्हाणं गोणपाटाच्या आड, आणि बहिर्दिशेला सरळ माळ. माळावर बाभळीशिवाय झुडूप नाही आणि बाजूने कडोलीची गाडीवाट. पहिल्याच पहाटे सोनाबाई तशीच परत आली.

"गाडीवाला येऊलता," ती म्हणाली. "मला न्हाय जमायचं हे."

"मग काय करायचं अव्वा? धा दिस पोट बांधून ठेवायचं?"

दुसऱ्या दिवसापासून सोनाबाई बरीच आधी उठून जाऊ लागली. कुठं जाते ते सत्यवतीने विचारलं नाही.

विहीर चिंचेखाली होती. ओढ्यावरून पाय न भिजता जायला दगड टाकलेले होते, आणि पाण्यापुरतं तेवढं अंतर ओलांडायची सत्यवतीला मुभा होती. भावकूने कट्ट्याखाली एक सपाट दगड दाखवला आणि सांगितलं, इथवर. त्या दगडावर ती घागर घेऊन उभी राहिली. वर कट्ट्यावर नागोजीची थोरली बहीण आक्काताई. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहिलेली, उंच, हाडापेराची, आणि डोळे असे की बघेल ते मोजून ठेवील. तिने पोहरा ओढला आणि वरूनच धार सोडली.

पाणी घागरीच्या तोंडावर आदळलं आणि सगळीकडे उडालं. सत्यवतीचं लुगडं पोटापर्यंत भिजलं. घागरीत अर्धंच पडलं. पाणी भरायला आलेली मालुबाई हसली. तोंडावर पदर घेऊन हसली, पण हसली.

"अजून एक पोहरा वता, आक्का," सत्यवती म्हणाली. थंडीने तिचे दात वाजत होते.

"वतती की. म्हातारी न्हाय आली संगं?"

"घरात हाय."

"बरी हाय न्हवं?"

"बरी असाया काय झालं?" सत्यवती फणकारली. मनात म्हणाली, हिला माझ्या सासूची काय एवढी पडलीय? ही पाणी ओतायला नाही, पाळतीवर ठेवलेली आहे.

तीन दिवस ती अशीच भिजून घरी आली. चौथ्या दिवशी ओल्या पदराने ओढा ओलांडताना तिला गुणाबाई आठवली. शहापुरात गल्ली झाडायला येणारी गुणाबाई त्यांच्या आडापासून पाच पावलांवर घागर घेऊन थांबायची आणि सत्यवती तिच्या घागरीत वरून पाणी ओतायची. वर्षानुवर्षं ओतलं. ओतताना तिच्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही. फक्त एकदा तिच्यावर खेकसली होती, घागर सरळ धर की बाई, तिरकी का धरतीस? गुणाबाईने तरी घागर सरळ केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीने घागर तिरकी धरली. धार घागरीच्या गळ्याला आतून लागली, गप सरकत खाली गेली, आणि जसजशी घागर जड होईल तसतशी तिने ती उभी केली. एक थेंब सांडला नाही. मालुबाईला हसायला काही उरलं नाही. पण सत्यवतीला त्याचा आनंद झाला नाही. गुणाबाई आता कुठं असेल, जिवंत तरी असेल का, हे आपण निघताना कुणाला विचारलंही नाही, हे तिला लागलं.

इकडे खोपटात कल्लाप्पाने मागाचा खड्डा खणायला घेतला होता. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने पावड्या दाबतो आणि हाताने धोटा फेकतो. तेव्हा खड्डा हवाच, कमरेइतका खोल आणि माणूस आडवा मावेल एवढा लांब. त्यांच्या घराण्यात त्याची एक रीत होती. नव्या जागी खड्डा खणताना दार लावून खणायचं. खड्डा पुजून पहिला धोटा इकडून तिकडे जाईपर्यंत परक्याची नजर त्यावर पडू द्यायची नाही. माती अंगणात टाकायची नाही, दिवस उगवायच्या आत वाहत्या पाण्यात सोडायची. सोनाबाई या बाबतीत फार कडक होती. तिच्या सासऱ्याने एकदा शेजाऱ्याला खड्डा दाखवला आणि वर्षभर सूत तुटत राहिलं, ही गोष्ट तिने सुनेला लग्नाच्या महिन्यातच सांगितली होती.

म्हणून कल्लाप्पा दार लावून पहार मारत होता. माती मऊ लागली की आवाज दबका यायचा आणि मुरूम लागला की खणखणायचा. पहाटे दोघं नवरा-बायको मातीच्या पाट्या ओढ्यात नेऊन ओतत. एकदा पाटी ओतून सत्यवती वळली तर पलीकडच्या बांधावर घोंगडं पांघरून कुणीतरी बसलं होतं. ते हललं नाही. तिने नवऱ्याला सांगितलं.

"भावकू असंल," तो म्हणाला. "बसू दे. आपण काय चोरी करायलोय?"

"हितं चोरी न करता बी चोर ठरवत्यात. तुमाला ह्या लोकांचं डोळं कळत न्हाईत."

सहाव्या दिवशी सोनाबाई अंथरुणातून उठली नाही. अंग चटचट भाजत होतं. सत्यवती तिचं लुगडं बदलायला गेली आणि तिचा हात जांघेत लागला. सुपारीएवढी गाठ. हात लावताच म्हातारी कळवळली.

सत्यवती मागे सरली ती भिंतीला टेकेपर्यंत. आळीत तिने हेच पाहिलं होतं. आधी ताप, मग जांघेत नाही तर काखेत गाठ, मग तिसऱ्या दिवशी तिरडी. पहिल्याप्रथम तिच्या मनात जे आलं ते सासूविषयीच्या मायेचं नव्हतं. म्हातारीने रोग आणलाच बरोबर, हे तिच्या मनात आलं. मग तिला स्वतःची किळस आली. याच म्हातारीने तिच्या पहिल्या बाळंतपणात सव्वा महिना तिच्या डोक्याशी बसून काढला होता.

"अव्वा, कवापास्नं हाय हे?"

"परवापास्नं. उतरंल आपोआप. कल्लाप्पाला सांगू नको."

"आणि काय दुखतंय?"

"काय न्हाय," म्हातारी म्हणाली आणि तिने पाय घोंगडीत ओढून घेतले.

ते पाय ओढून घेणं सत्यवतीने पाहिलं. पण ज्याच्या डोळ्यांपुढे गाठ दिसते त्याला पाय दिसत नाहीत.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. कल्लाप्पा खड्ड्याच्या कडेवर पाय सोडून बसला होता. त्याने हातातली पहार खाली ठेवली.

"गावाला कळलं तर ह्याच पावली हाकलतील," तो म्हणाला. "आजारी म्हातारीला घिऊन कुठं जायचं? वाटंत कुठलं गाव उभं करणार हाय?"

"मग कळू द्यायचंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी सत्यवती विहिरीवर चारऐवजी सहा घागरी न्यायला गेली. ताप उतरवायला कपाळावर, पोटावर ओली फडकी ठेवायची होती, आणि घामाने भिजलेली लुगडी धुवायची होती.

"आज जास्ती गं?" आक्काताईने विचारलं.

"सुताला खळ द्यायचीया."

"माग बसला व्हय अजून?"

"बसंल."

"खळ आदी देत्यात, का माग आदी बसवत्यात?"

सत्यवतीने नुसती घागर पुढे केली. आक्काताईने पोहरा वर धरून ठेवला होता, ओतत नव्हती.

"म्हातारी सात दिस झालं कुणाला दिसली न्हाय," ती सावकाश म्हणाली. "खरं सांग बाई. हाय न्हवं ती?"

"हाय म्हणजे? तुमाला काय मोजून दावायची?" सत्यवती ओरडली. घागर तिरकी होती ती सरळ झाली आणि पोहऱ्याची धार तिच्या छातीवर पडली. ती तशीच निघाली. सगळ्या घागरी भरायलाही थांबली नाही. वाटेत तिला रडू आलं आणि ते तिने गिळलं. हीच बाई गावाला सांगणार, हे तिला आता पक्कं ठाऊक झालं होतं.

दुपारी माणसं आली. पुढे भावकू हातात पहार घेऊन, मागे नागोजी, मालुबाई आणि दहा-पंधरा जण. आक्काताई सगळ्यांच्या शेवटी होती. सत्यवतीने दारातून तिला पाहिलं आणि मनात म्हणाली, आलीस का बाई, तुझ्याच बोलण्याने आलेत हे.

"कल्लाप्पा, भाईर ये," नागोजी म्हणाला. "गाव इचारतंय, आत काय खणलास?"

कल्लाप्पा दारात उभा राहिला. अंगावर मुरुमाची लाल धूळ, केसांत माती. "मागाचा खड्डा हाय, अण्णा."

"तर मग दार लावून कशापायी? माती अंधारात वड्यात कशापायी?" भावकूने विचारलं. "मी बगितलोय. तीन पहाटा बगितलोय."

"आमची रीत हाय. पुजल्याबिगर खड्डा परक्याला दावत न्हाय."

हे ऐकून माणसं एकमेकांकडे बघू लागली. कल्लाप्पाच्या लक्षात आलं की आपण खरं बोललो आणि त्यानेच आपला घात केला.

"उगड बोलतो," भावकू म्हणाला. "गाडीतनं तिघं उतरली. दोगंच दिसत्यात. आन् घरात माणूसभर लांब खड्डा. म्हातारी मेली आन् तुमी तिला आत पुरलासा. त्या मातीचं पाणी आमच्या वड्याला."

"आरं जिती हाय की रं मी!" आतून चिरका आवाज आला. "पुरतूयास कुनाला?"

मालुबाईच्या तोंडून हसू निसटलं. नागोजीने सुस्कारा सोडला. पण भावकू असा तसा सोडणारा नव्हता.

"जिती हाय तर भाईर येऊ दे. चालून दाव म्हणावं."

कुणी बाहेर आलं नाही. सत्यवतीने पदर तोंडात धरला. नागोजीने कल्लाप्पाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. तो दोन पावलं मागे सरला, ते पाहून सगळीच माणसं मागे सरली.

"गाडी जुपा," भावकू म्हणाला. "बोलल्यालं हाय. त्याच पावली."

"अण्णा, दोन दिस तरी," कल्लाप्पाने हात जोडले. "वाटंत मरंल ती."

तेवढ्यात गर्दीतून आक्काताई पुढे आली. भावाच्या बाजूने निघून ती सरळ ओट्यावर चढली.

"आक्के, मागं हो!" नागोजी ओरडला. "घरात लगीन हाय!"

"माणूस मेलंय का ऱ्हायलंय ते बगू दे तरी," ती म्हणाली आणि कल्लाप्पाला हाताने बाजूला करून आत शिरली.

सत्यवती तिच्या मागे धावली. ही आता गाठ बघणार आणि बाहेर जाऊन बोंब मारणार. तिने आक्काताईचा दंड धरला. आक्काताईने तो झटकलाही नाही, तशीच चालत खड्ड्याला वळसा घालून म्हातारीपाशी गेली आणि खाली बसली. कपाळाला हात लावला. मग घोंगडीत हात घालून जांघ चाचपली. पण आक्काताई गाठीपाशी थांबलीच नाही.

"पाय दाव," ती म्हणाली.

"पायाला काय न्हाय," सोनाबाई पाय ओढू लागली.

"दाव म्हणते न्हवं!"

तिने पाय घोटा धरून बाहेर ओढला. टाचेला चिंधी बांधलेली. चिंधी सोडली तर आत टाच फुगून पिवळी पडलेली आणि मधोमध काळा ठिपका.

"काटा कुठं मोडून घेतलीस?"

म्हातारीने सुनेकडे चोरून पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. "वड्यापल्याड. तिकडं निवडुंगाचा आन् बाभळीचा आडोसा हाय. हिकडं उगड्यावर मला बसवंना. जाऊ नका म्हनलंतं, म्हणून बोलली न्हाय."

"सुई दे गं," आक्काताई म्हणाली.

विणकराच्या घरात सुईला काय तोटा. सत्यवतीने लगेच काढून दिली. आक्काताईने टाच मांडीवर घेतली, सुईने वरची कातडी उघडली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. म्हातारी किंचाळली. आधी पू आला, मग रक्त, आणि त्याबरोबर अर्ध्या बोटाएवढा बाभळीचा काटा. आक्काताईने तो तळहातावर घेतला.

"अवधाण हाय हे," ती सत्यवतीला म्हणाली. "पायात काटा कुजला की जांगंत गाठ येती. आमच्यातलं शेरडामागं फिरणारं प्वार बी सांगंल. तुमाला न्हाय म्हाईत?"

सत्यवतीला नव्हतं माहीत. खड्ड्यात पाय सोडून जन्म काढलेल्या माणसांच्या पायात काटे कुठून मोडणार? तिने आक्काताईच्या हाताकडे पाहिलं. पू-रक्ताने भरलेला तो हात तिने अजून पुसलाही नव्हता. सात दिवस या बाईला आपण मनातल्या मनात काय काय म्हणत होतो, ते सगळं सत्यवतीला एकदम आठवलं आणि तिची मान खाली गेली.

आक्काताई ओट्यावर आली. तळहात पुढे करून म्हणाली, "काटा हाय. पिलेग न्हाय, काय न्हाय. चार दिसात हिंडंल म्हातारी."

माणसांत कुजबुज झाली. नागोजीचा चेहरा सैल पडला. दोघंतिघं घराकडे वळलेही. पण भावकू काट्याकडे न बघता आक्काताईच्या हाताकडे बघत होता.

"तू म्हणतीस काटा," तो म्हणाला. "असंल. पण गाठ बी हाय का न्हाय? आन् तू हात लावलास का न्हाय?"

"लावला की."

"मग तू बी धा दिस हिकडंच. खरं काय ते तवर कळंलच."

आक्काताईला ते आधी कळलंच नाही. तिने हसून भावाकडे पाहिलं. "नागू, काय बोलतूय ह्यो?"

नागोजीने मुंडाशाचा शेव पुढे घेतला, परत मागे टाकला. "धाच दिस, आक्का," तो म्हणाला. "घरात लगीन हाय." आणि बहिणीकडे न बघता तो ओढ्याकडे चालू लागला. त्याच्यामागून सगळे गेले. आक्काताई तळहातावर काटा घेऊन ओट्यावर तशीच उभी होती.

"आत या, आक्का," सत्यवती म्हणाली.

"खड्डा पुजलाय का तुमचा?"

"बगितलासा की आता. राहू दे ती रीत."

सकाळी दोघी विहिरीवर गेल्या. आक्काताईसाठी जयाबाईने एक घागर ओढ्याच्या काठाला आणून ठेवली होती आणि आत्याला दिसायच्या आत पळून गेली होती. आक्काताई नेहमीच्या सवयीने कट्ट्याची पायरी चढायला निघाली.

"आक्का, खाली!" वरून मालुबाई म्हणाली. तिच्या आवाजात घाबरेपणा होता. "दगडावर थांब. मी वतती."

आक्काताईने पायरीवरचा पाय मागे घेतला. ज्या कट्ट्यावरून तिने तीस वर्षं पाणी ओढलं, त्याच्याखाली ती सपाट दगडावर सत्यवतीच्या शेजारी येऊन उभी राहिली. घागर दोन्ही हातांनी छातीशी सरळ धरली. मालुबाईने अंग चोरून, जमेल तेवढ्या लांबून पोहरा वाकडा केला. धार घागरीच्या तोंडावर आदळली आणि आक्काताईच्या तोंडावर, मानेवर, पोटावर उडाली. ती डोळे मिटून उभी राहिली, हनुवटीवरून पाणी गळत होतं.

मालुबाईने दुसरा पोहरा ओढला. सत्यवती जवळ सरकली आणि आक्काताईची घागर तिने बुडाला हात लावून हळूच कलती केली.

"तिरकी धरा, आक्का," ती म्हणाली. "अशी. मग सांडत न्हाय."